शुगरमुळे पायांची आग, मुंग्या, रात्रीची झोपमोड: कुणाला काय लागू पडलं?

माहुलीकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतेय. अण्णा ६६ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, शुगर पंधरा-सोळा वर्षं जुनी. गेल्या उन्हाळ्यापासून दोन्ही तळव्यांची आग होते. दिवसा फारसं बोलत नाहीत, पण रात्री पाठ टेकली की सुरू. चादरीचा स्पर्शसुद्धा नको होतो. मग उठून खुर्चीत बसतात, पाय शहाबादी फरशीवर टेकवून.

डॉक्टरांनी न्यूरोपॅथी (म्हणजे नसा खराब होणं) सांगितली, रात्री नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन ७५ आणि सोबत बी१२ची गोळी दिली. पहिल्याच आठवड्यात पहाटे बाथरूमला जाताना झोक गेला, म्हणून अण्णांनी गोळी परस्पर बंद केली. आता शेजारून रोज नवा सल्ला येतो. मला ज्यांनी हे सोसलंय किंवा घरात बघितलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. आणखी एक, अण्णा माळकरी आहेत, माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण दरवर्षी चालतात, तेही अनवाणी. यंदा जाऊ द्यावं का?

भडंगप्रेमी (सांगली)

ताई, मी स्वतःच पेशंट. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर गडबडीत पायांकडे लक्ष जात नाही, रात्री मात्र दुसरं काही नसतं. मला आधी दोन्ही अंगठ्यांत टाचण्या टोचायच्या, मग ते चढत चढत घोट्यापर्यंत आलं. चप्पल पायात आहे की सुटली हे खाली बघून कळायचं.

मला झोपताना अमिट्रिप्टिलिन १० दिली. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड असतं. सुरुवातीला काडीचा फरक नव्हता, घरचे म्हणायला लागले बंद करा. डॉक्टर म्हणाले, थांबा, डोस हळूहळू वाढवू. पुढे झोप लागायला लागली आणि झोप झाली की दुखण्याचा अर्धा जोर तिथंच मोडतो. पूर्ण गेलं का? नाही. दहापैकी आठ होतं, आता तीन-चार असतं. त्यावर मी राजी आहे.

प्रेगाबालिन मला झेपलं नाही, पाय सुजले. पण माझ्या साडूला तेच लागू पडलंय. म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याला चालेलच असं नाही.

कडेगावकर

एवढ्या गोळ्या कशाला ओ? आमच्या पाहुण्यांकडं एकजण पुडी देतात, आठ दिवसांत आग बंद. स्वतः बघितलंय. शिवाय आता गावोगावी ती फुकट थेरपीची सेंटरं निघालीत, थरथरणाऱ्या यंत्रावर पाय ठेवून अर्धा तास बसायचं. काशाची वाटी तर घरचीच. साजूक तूप लावून तळवे घासा, सगळी उष्णता बाहेर पडते, वाटी काळी होते बघा.

औषधवाला (मिरज)

कडेगावकर, रागावू नका, पण पुडीवर कशापासून बनली ते लिहिलंय का? मेडिकल दुकानात बसून इतकी वर्षं हेच बघतोय. ज्या बिननावाच्या पुडीने आठ दिवसांत सगळी दुखणी थांबतात, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका आधी घ्यावी. स्टेरॉइडने शुगर भडकते. आग कमी झाल्याचं समाधान आणि आतून रोगाला खतपाणी.

यंत्राचं म्हणाल तर फुकट बसवतात आणि महिन्याभराने तेच यंत्र हप्त्यावर गळ्यात मारतात. आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी घेतलं, एकाच्या घरी आता त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.

माहुलीकाठ ताई, मुद्द्याचं. प्रेगाबालिन बरेच दिवस घेतलेली असेल तर एका झटक्यात सोडायची नसते. घाम, मळमळ, बेचैनी, झोप उडणं असले त्रास होतात. अण्णांची आठवडाभरच झाली होती म्हणून निभावलं असेल. चक्कर येते हे डॉक्टरांना सांगा, याहून कमी ताकदीची गोळीही मिळते, तिथून सुरू करून वाढवता येतं. आणि त्यांच्या शुगरच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का बघा. ती आणि प्रेगाबालिन दोन्ही पाय सुजवतात, एकत्र आल्या की जास्तच. हृदय कमजोर असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं स्वस्तात मिळतात. माझं दुकान असून सांगतोय, म्हणजे बघा.

पांढरा_कोट (कराड)

फिजिशियन आहे. इथे कुणाचं प्रिस्क्रिप्शन लिहिणार नाही, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते सांगतो.

आधी हे शुगरचंच आहे का? शुगरची न्यूरोपॅथी बहुधा दोन्ही पायांत सारखी असते आणि बोटांपासून वर चढते, कारण सर्वांत लांब नसा आधी खराब होतात. एकाच पायात असेल, पायातली ताकद झपाट्याने जात असेल, तर वेगळा शोध घ्यावा लागतो. अण्णा माळकरी, म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीत. त्यात पंधरा वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर बी१२ कमी असण्याची शक्यता बरीच. मेटफॉर्मिनने बी१२चं शोषण घटतं. गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं प्रमाण तपासलं होतं का? २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ती कमतरताच, आणि ती भरून काढली तर दुखण्याचा काही भाग सुटू शकतो. प्रमाण व्यवस्थित असताना मात्र वर्षानुवर्षं बी१२ गिळून फारसं हाती लागत नाही. 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी६ किती आहे तेही बघा. बी६चा अतिरेक झाला तर त्यानेच नसा बिघडतात. थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), दारूचा इतिहास हेही पाहावं. आणि आपल्या भागात कुष्ठरोग विसरून चालत नाही. अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा असेल तर दाखवा.

दुसरं, रक्तपुरवठा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाली असू शकते. रात्री पाय खाली लोंबकळत सोडल्यावरच आराम पडत असेल तरी तीच शंका. अण्णा खुर्चीत पाय खाली सोडून बसतात असं लिहिलंय. ते फरशीच्या गारव्यासाठी आहे की पाय खाली असल्यामुळे आहे, हे नीट विचारा. पावलावरची नाडी लागते का ते डॉक्टर बोटाने बघतात, घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून तुलना करतात. तंबाखू, बिडी, मिश्री यातलं काही असेल तर ही शंका दुप्पट.

आता औषधं. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रेगाबालिन किंवा तिची बहीण गाबापेंटिन. २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधली एक चाचणी छापून आली, ऑप्शन-डीएम नावाची. पेशंटना यातल्या पहिल्या तीनपैकी एकेका औषधापासून सुरुवात करून दिली आणि पुरेसा आराम न पडल्यास दुसरं जोडलं. तिन्ही मार्गांनी आराम जवळपास सारखाच, १६ आठवड्यांत सरासरी वेदना निम्म्यावर. म्हणजे 'सर्वांत भारी गोळी कोणती' या प्रश्नाला अर्थ नाही. कोणती गोळी अण्णांच्या बाकी शरीराला चालेल, हा प्रश्न आहे. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर अमिट्रिप्टिलिन जपून. लिव्हर खराब किंवा किडनी फारच कमजोर असेल तर ड्युलोक्सेटिन नको. किडनी थोडी जरी उतरली असेल तरी प्रेगाबालिन, गाबापेंटिनचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर गुंगी आणि तोल जाणं ठरलेलंच. अण्णांचा झोक गेला, तर क्रिएटिनिन आधी बघा. उभं राहिल्यावर बीपी पडतं का तेही मोजून घ्या, शुगरमुळे बीपी सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात.

आणि ट्रामाडोल, टॅपेंटाडोल या अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या वाटेला सहसा जाऊ नये. सुरुवातीला छान वाटतं, पुढे सुटत नाही. कोंबिफ्लाम-डायक्लोफिनॅक छापाच्या गोळ्यांचा तर या दुखण्यावर उपयोगच नाही, किडनीचं नुकसान तेवढं होतं.

तासगावकर

डॉक्टरांनी छान लिहिलंय. मी जे सांगतोय ते ऐकायला बरं वाटणार नाही.

आमच्या वडिलांचे पाय चार-पाच वर्षं जळायचे. मग एका द्राक्षाच्या हंगामात त्यांनी सांगितलं, आता दुखत नाही. घरात सगळ्यांना आनंद. आईने गणपतीला नारळ फोडला. शुगर काही आटोक्यात नव्हती, औषधही नवं नव्हतं, मग दुखणं गेलं कुठं, हे कुणी विचारलं नाही. नसाच बधिर झाल्या होत्या. छाटणीच्या दिवसांत बागेत फिरताना तळव्यात तारेचा तुकडा घुसला. त्यांना पत्ता नाही. सॉक्सला डाग दिसला तेव्हा आईने पाय उचलून बघितला, तोवर आत पू. मिरजेला नेलं, दोन बोटं गेली. पाय वाचला हे नशीब.

म्हणून ताई, दुखणं कमी करणं हे एक काम आणि पाय वाचवणं हे दुसरं. गोळीने पहिलं होतं, दुसरं होत नाही. गोळी घेऊन छान झोप लागली म्हणून पाय बघायचा सोडू नका.

औषधवाला (मिरज)

तासगावकरांना अनुमोदन. २०१९च्या महापुरानंतर असे किती पाय बघितले! पुराच्या पाण्यातून चालले, काहीतरी लागलं, कळलंच नाही, आणि घरातला चिखल काढण्यात आठवडा गेला.

माहुलीकाठ (सातारा)

सगळ्यांचे आभार. तासगावकर दादा, वाचून पोटात गोळा आला. अण्णांना आत्ताच खुर्चीत बसवून पाय बघितले. टाचेला भेगा आहेत, डाव्या करंगळीखाली कडक घट्टा आहे, तो ते ब्लेडने तासतात म्हणे! पाय बधिर आहेत का हे घरी कसं ओळखायचं?

सिस्टर_ताई (सांगली)

निवृत्त नर्स आहे, मी सांगते. याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात, काही साहित्य लागत नाही. अण्णांना आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला अलगद टेकवा, एक-दोन सेकंदच. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. 'कळलं' म्हणाले तर कोणता पाय ते सांगायला लावा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी अशा सहा जागा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना कमी झालीय असं धरायचं आणि रीतसर तपासणी करून घ्यायची. दवाखान्यात १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून बघतात, कंप कळतो का बघायला १२८चा ट्यूनिंग फोर्क लावतात, काही ठिकाणी कंपाची जाणीव मोजणारं यंत्र, बायोथेसिओमीटर असतो. त्याचा आकडा २५ व्होल्टच्या वर गेला की जखमेचा धोका मोठा.

आणि ते ब्लेड आजच कचऱ्यात टाका. घट्टा म्हणजे तिथं दाब जास्त पडतोय. त्याच्याखालीच जखम तयार होते. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यायचा. घट्ट्यावरची औषधी पट्टी, कॉर्नकॅपही लावायची नाही, त्यातल्या ॲसिडने बधिर कातडी जळते.

रोज संध्याकाळी पाय बघायचे. अण्णांना वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चालेल, पण बेचक्यांत तेल नको, बुरशी होते. बंबाचं पाणी पायावर घेण्याआधी दुसऱ्या कुणीतरी कोपराने बघायचं. साताऱ्यात थंडीत शेकोटीला पाय पसरून बसायची हौस असते, ती बंद. गरम पाण्याची पिशवीही बंद. आग होते म्हणून बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसणारेही बघितलेत. तेही तितकंच वाईट.

हसू नका, पण खेड्यात उसाच्या कडेला घर असेल तर झोपताना पाय मच्छरदाणीच्या आत असू द्या. बधिर बोटं उंदराने कुरतडलेले पेशंट मी स्वतः ड्रेसिंग केलेत.

कडेगावकर

बापरे. ते उंदराचं माहीत नव्हतं.
पण सिस्टर, काशाच्या वाटीत काय वाईट आहे ते सांगा की. ते तर आयुर्वेदात आहे.

सिस्टर_ताई (सांगली)

वाईट काहीच नाही हो. हलक्या हाताने कुणीतरी तळवे चोळले की बरं वाटतं, झोप लागते. मी माझ्या आईला करायचे. फक्त जखम, फोड, सूज असेल तेव्हा नाही. घासून घासून कातडी सोलवटायची नाही. नंतर तुपाचे पाय घेऊन गुळगुळीत फरशीवर चालायचं नाही, आधीच तोल नाही त्यांचा. वाटी काळी पडते ती धातू आणि तूप घासल्यामुळे. त्यावरून शुगर मोजू नका म्हणजे झालं.

भडंगप्रेमी (सांगली)

मला मिरचीच्या मलमाचा अनुभव आहे. कॅप्सेसिन. दिवसातून तीन-चारदा लावायचं, सुरुवातीला आग दुप्पट होते. मी वैतागून टाकून दिलं, पण यार्डातल्या एकाला चांगलं लागू पडलंय. हात साबणाने धुवा, नाहीतर डोळ्याला लागला की संपलं. आणि चादर सहन होत नाही त्यावर माझा घरगुती उपाय: पायथ्याशी पलंगावर पुठ्ठ्याचं खोकं उभं करायचं, चादर त्याच्यावरून सोडायची. पाय आत मोकळे राहतात.

लोणंदचा_विसावा

वारीचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडं पालखी मुक्कामाला असते, पायाला मलमपट्टी करायच्या सेवेत मी असतो. अनवाणी नको, एवढंच सांगतो. तरडगावकडे जाताना ऊन पडलं की डांबर तापतं आणि पाऊस पडला की खडी उघडी पडते. दरवर्षी शुगरवाला एखादा येतो, 'काही नाही, जरा ओलं लागतंय' म्हणतो, आणि बघावं तर तळव्याची सालं निघालेली. माऊली काही चपला बघून पावत नाही.

पांढरा_कोट (कराड)

लोणंदकरांशी सहमत. टच टेस्ट बरी आली, रक्तपुरवठा चांगला निघाला आणि जखम नसेल तर अण्णांनी अवश्य चालावं. चालण्याने साखरही उतरते आणि मनही हलकं होतं. पण आधी महिनाभर रोजचा सराव, नवी चप्पल वारीत पहिल्यांदा घालायची नाही, आणि दर विसाव्याला पाय बघायचे. सगळा टप्पा चाललाच पाहिजे असं नाही, थोडं चालून पुढे गाडीत बसावं. टेस्ट खराब आली तर यंदा गाडीतूनच.

कोल्हापुरीवाला

चपलेचं काय पण? आयुष्यभर कोल्हापुरी घातली, आता ती पण सोडायची का?

सिस्टर_ताई (सांगली)

बधिर पायाला सोडायची, हो. अंगठा आणि पट्ट्याची कड काचते, नवी तर चावतेच, आणि पायात पकड नसली की चालता चालता निघून जाते ते कळत नाही. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला मिळतात, पूर्वी कुष्ठरोग्यांसाठी बनायच्या, आता शुगरवाल्यांनाही देतात. मागे पट्टा असलेली घ्या. संध्याकाळी मापाला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आणि घालण्याआधी आत हात फिरवायचा. आमच्या वॉर्डात एकाच्या बुटात नातवाची गोटी निघाली होती, दोन दिवस घालून हिंडत होता.

कोल्हापुरीवाला

बरं बाई. लग्नात तरी घालू द्या. 🙂

माहुलीकाठ (सातारा)

अपडेट. बी१२ १६८ आलं, म्हणजे कमीच. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. क्रिएटिनिन १.५, त्यामुळे प्रेगाबालिन कमी ताकदीची करून रात्री दिलीय, पहाटे उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसायला सांगितलंय. टच टेस्टमध्ये डावी करंगळी आणि मधलं बोट कळलं नाही. वारीचं अजून ठरत नाही, घरात दोन पक्ष पडलेत. एक शंका: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) १०.४ आहे. इन्सुलिन घेऊन ती पटकन सातवर आणली तर आग लवकर थांबेल का?

पांढरा_कोट (कराड)

चांगला प्रश्न, आणि उत्तर उलटं आहे. बरीच वर्षं चढलेली साखर घाईने उतरवली, समजा तीन महिन्यांत एचबीए१सी दोनपेक्षा जास्त अंकांनी खाली आणली, तर काहींना आग उलट भडकते. नसांची ही तात्पुरती पण त्रासदायक प्रतिक्रिया असते, डोळ्यांचा पडदाही त्यात बिघडू शकतो. म्हणून उतरवायची, पण बेताने, आणि त्याआधी पडदा तपासून. झालेली हानी साखर उतरवल्याने सहसा भरून येत नाही, पुढची मात्र रोखली जाते. टाइप १ मध्ये याचा फायदा मोठा दिसतो, टाइप २ मध्ये त्याहून कमी, पण आहे. चहातली साखर, रात्रीचा भात आणि रविवारचे कंदी पेढे याबद्दल मी साताऱ्याच्या माणसाला काय सांगणार!

आणि एक, एक पाय अचानक सुजला, लाल झाला, हात लावून दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. हाडं आतून ठिसूळ होऊन पावलाचा आकारच बसतो अशी एक अवस्था असते, शार्को म्हणतात. 'मुरगळलाय' म्हणून लोक लेप लावत बसतात.

तासगावकर

हे शार्को आमच्या चुलत्यांना झालं होतं, आम्हाला नाव आज कळलं. सहा महिने प्लास्टरमध्ये होते.

रात्रपाळी (मिरज)

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझं वय ३३, शुगर नाही, तीनदा तपासली. तरी रात्री तळवे जळतात. कारखान्यात रात्रपाळी, मांसाहार करत नाही. प्रेगाबालिन घेऊ का?

पांढरा_कोट (कराड)

परस्पर नको. बी१२, थायरॉइड, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, दारू असेल तर ती, आणि कातडीवर बधिर चट्टा आहे का, एवढं आधी बघून घ्या. तुमचा मामला वेगळा आहे. रिपोर्ट आले की स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू.